टोकियोंत नवें बिऱ्हाड

टोकियोस राहावयास गेलेल्या कुटुंबाकडून येथील नातलग प्रथम जें ऐकतात, तें बहुधा आगगाड्यांविषयीं असतें. गाडी मिनिटाचाहि उशीर करीत नाहीं, डब्यांत कोणी मोठ्यानें बोलत नाहीं, वगैरे. परंतु आगगाडी ही प्रवाशाची चिंता. संसार मांडणाऱ्या गृहिणीची चिंता निराळी. कचरा कोठें टाकावा, मूल शाळेंत एकटें कसें जाईल, आणि यजमान कचेरींत असतांना कांहीं संकट ओढवलें तर काय करावें, हे तिचे पहिल्या आठवड्यांतील प्रश्न होत.

शहराच्या पूर्व अंगास एडोगावा नांवाचा वॉर्ड आहे. तेथील निशि-कासाई स्टेशनच्या आसपास सन २००० च्या सुमारापासून भारतीय संगणक-अभियंते बिऱ्हाड करून राहूं लागले. त्यांत मराठी कुटुंबेंहि आहेत. सन २०१९ मध्यें त्या वॉर्डाच्या प्रतिनिधिसभेवर योगेंद्र पुराणिक हे मूळचे महाराष्ट्रीय गृहस्थ निवडून आले.

घर मिळविणें हेंच पहिलें संकट. परदेशी माणसास जागा देण्यास नाखूष असे घरमालक तेथें आजहि भेटतात. अनामत रकमेखेरीज ‘रेइकिन’ नांवाची, परत न मिळणारी रक्कमहि पुष्कळ ठिकाणीं द्यावी लागते. आंत पाऊल टाकल्यावर मात्र फारसें परकें वाटत नाहीं, कारण दाराशीं जोडे काढण्याची चाल दोहोंकडे सारखीच.

राहावयास गेल्यापासून चौदा दिवसांच्या आंत वॉर्डाच्या कचेरींत नोंद करावी लागते. तेथें कचऱ्याचें वेळापत्रक मिळतें, आणि तेंच नव्या बिऱ्हाडाचें पहिलें पाठ्यपुस्तक! जळणारा कचरा बहुतेक ठिकाणीं आठवड्यांतून दोनदां, न जळणारा महिन्यांतून दोनदां, बाटल्या, डबे व रद्दी यांचा वार आणखी वेगळा. सकाळीं आठाच्या आंत पिशवी ठराविक जागीं ठेवून तिजवर जाळें पांघरावयाचें, नाहीं तर कावळे ती फोडतात. जुनें कपाट टाकावयाचें तर आधीं दिवस नेमून घेऊन, दुकानांतून पैसे भरून चिठ्ठी आणून ती त्यावर चिकटवावी लागते. एवढा काटेकोरपणा कशासाठीं? कचरा जाळून उरणारी राख व इतर अवशेष पुरण्यास टोकियोच्या उपसागरांतील भरावाखेरीज जागा जवळजवळ उरलेलीच नाहीं. चुकीच्या वारीं ठेवलेली पिशवी गाडीवाले चिठ्ठी लावून तेथेंच ठेवून जातात. कोणी भांडत नाहीं, कोणी दार ठोठावीत नाहीं. पिशवी मात्र सर्वांच्या डोळ्यांसमोर राहते. चाळींतल्या भांडणाची संवय असलेल्या माणसास हा मुका ठपका अधिक लागतो.

शेजाराचेंहि तसेंच. नव्यानें आलेल्यानें टॉवेल किंवा मिठाईचा पुडा घेऊन शेजाऱ्यांस भेटून यावें, अशी तेथील जुनी रीत आहे. ती पाळल्यास पुढें मुलाच्या धांवण्याचा आवाज खालच्या मजल्यावर गेला तरी निभावतें. पण अदब म्हणजे जवळीक नव्हे. नमस्कार रोजचा असला तरी घरांत बोलावणें क्वचित्.

प्राथमिक शाळेंत जाणारीं मुलें पाठीवर कडक चामडी दप्तर घेऊन पायींच जातात. शिपाई नाहीं, आई नाहीं. वर्ग झाडणें-पुसणें मुलांकडेच असतें. दुपारचें जेवण शाळेंतच, आणि त्याच्या रश्शांत बहुधा माशांचा अर्क असतो. म्हणून शाकाहारी घरच्या आईस शिक्षकांची संमति घेऊन डबा द्यावा लागतो. हें सर्व जपानी भाषेंत बोलावें लागतें, ही खरी अडचण.

सायंकाळीं पांचाच्या सुमारास रस्त्यावरील कर्ण्यांतून एका बालगीताची धून वाजते. नवख्यास वाटतें, कोठें देवळांत आरती चालली असावी. ती मुलांनीं घरीं परतावें म्हणून तर आहेच. परंतु आपत्तीच्या वेळीं सूचना देणारे कर्णे नीट चालतात कीं नाहींत, याची ती रोजची परीक्षाहि असते. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपांत व त्यामागोमाग लागलेल्या आगींत या प्रदेशांत लाखाहून अधिक माणसें मेलीं. सन १९६० पासून तो दिवस आपत्ति-निवारणाचा दिवस म्हणून पाळतात. शाळांतून मुलें बांकाखालीं शिरण्याचा सराव करतात, आणि त्यानंतर पुष्कळ शाळांत ‘मूल सोंपविण्याची’ तालीम होते: पालकानें यावें, शिक्षकानें नांव पडताळावें, मगच मूल हातीं द्यावें.

ही तालीम गृहिणीनें चुकवूं नये. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर टोकियोंतील आगगाड्या बंद पडल्या आणि असंख्य नोकरदार पायीं घरीं निघाले किंवा रात्रभर कचेरींतच अडकले. अशा दिवशीं यजमान मुलाच्या शाळेपर्यंत पोंचणार नाहींत हें गृहीतच धरावें. त्यांत एडोगावाची सुमारें सात-दशांश जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खालीं आहे. मोठ्या पुराचें भय असल्यास येथें थांबूं नका, असें वॉर्डानें सन २०१९ च्या पत्रकांत उघड सांगितलें आहे.

म्हणून शहाणीं कुटुंबें पहिल्याच महिन्यांत आसऱ्याच्या जागेपर्यंत एकदां पायीं जाऊन येतात आणि दाराशीं पाणी, कोरडा खाऊ, विजेरी बांधून ठेवतात. कर्ण्यांतले निदान चार शब्द आईस ओळखतां यावे लागतात: ‘जिशिन’ म्हणजे भूकंप, ‘त्सुनामि’ म्हणजे समुद्राची लाट, ‘ताकादाइ’ म्हणजे उंचवटा, ‘हिनान’ म्हणजे सुरक्षित जागीं निघून जाणें. ते तिला बहुधा तिचें मूलच शिकवितें, शाळेंतून आल्यावर, पोळी खातां खातां.