मोठे टायर, जड स्टिअरिंग: काठावरच्या जीपला हायड्रॉलिक जोड देण्याआधी हे वाचा



उन्हाळा लागला की कारंजा घ्या, आळंदचं अमरजा घ्या नाहीतर चिंचोळीचं चंद्रमपल्ली, चित्र एकच. पाणी आत आत सरकतं आणि उघड्या पडलेल्या काळ्या गाळातून बोट, जाळी, बर्फ, माशांचे क्रेट काठावर आणायचे असतात. म्हणून आपल्यातल्या काहींनी जुन्या जीपला मोठे टायर चढवले. गाडी गाळातून निघते, पण स्टिअरिंग काही वळत नाही. मग मिस्त्री म्हणतो, "हायड्रॉलिक टाकून देऊ."

टाकता येतं. पण एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. हायड्रॉलिकने आपल्या हाताचं ओझं कमी होतं, गाडीचे भाग मजबूत होत नाहीत. उलट त्यांच्यावरचा जोर वाढतो.

*स्टिअरिंग जड का होतं?*

जुन्या जीपचा मूळ टायर ६.००-१६, म्हणजे रुंदी साधारण ६ इंच. त्याजागी १०.५ इंची टायर बसवला की जमिनीला घासणारा भाग वाढतो. त्यात रिम बाहेर काढलेली असली तर टायरचा मध्य किंगपिनपासून लांब जातो. लांब दांड्याने पहार उचलावी तसा टायर किंगपिनवर जोर करतो. दगड लागला की तोच जोर उलटा स्टिअरिंगवर येतो आणि चक्र हातातून हिसकतं. अंगठा आत अडकवून धरला असेल तर मोडू शकतो. म्हणून खडकाळ जागी अंगठे नेहमी चक्राच्या बाहेर ठेवा.

*आधी फुकटातले उपाय*

गाळात कमी हवा चालते, पण त्याच हवेवर डांबरी रस्त्याला लागलात तर स्टिअरिंग दुप्पट जड वाटतं आणि टायरही तापतो. गाडीत छोटा पंप ठेवा, वर आलं की हवा भरा. किंगपिनला ग्रीस द्या. टाय रॉड एंड ढिले असतील तर बदला. आणि एवढा रुंद टायर खरंच लागतो का, तेही बघा. गाळाखाली कडक थर असेल तर अरुंद, उंच, खोल गोट्यांचा टायर गाळ कापून खाली पकड घेतो. बऱ्याच गाड्यांचं काम एवढ्यातच भागतं.

*हायड्रॉलिक जोड म्हणजे काय?*

पॉवर स्टिअरिंगची कल्पना जड गाड्यांसाठीच निघाली. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२० च्या दशकात तिच्यावर काम केलं आणि १९५१ साली क्रायस्लरने ती विक्रीच्या मोटारीत आणली. इंजिनच्या बेल्टवर पंप फिरतो, तेल दाबाने स्टिअरिंग बॉक्समध्ये जातं आणि चक्र ज्या बाजूला फिरवाल त्या बाजूला ढकलतं.

मोठ्या टायरला एवढी मदत पुरत नाही. मग पॉवर बॉक्सच्या दोन्ही कप्प्यांना एकेक भोक पाडून तेल बाहेर काढतात आणि पुढच्या अॅक्सलवरच्या सिलिंडरला देतात. सिलिंडर थेट टाय रॉडला ढकलतो. हिसका मारतो तोही बराचसा सिलिंडरच पचवतो. साध्या बिनपॉवरच्या बॉक्सवर हे होत नाही. आधी बॉक्स पॉवरचा हवा.

हिशोब बघा. सिलिंडर ४० मिमीचा, तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ७० किलो धरू. एका बाजूने जोर येतो साधारण ८८० किलो. दुसऱ्या बाजूला २० मिमीचा दांडा जागा अडवतो, तिथे ६६० किलो. एवढा जोर झिजलेल्या टाय रॉडवर आणि गंजलेल्या ब्रॅकेटवर पडणार आहे, हे विसरू नका.

मोठा सिलिंडर घेतला तर जोर वाढतो, पण त्याला तेलही जास्त लागतं. पंप लहान असेल तर इंजिन मंद चालू असताना चक्र पटकन फिरवलं की मध्येच जड होतं.

*मिस्त्रीकडे काय बघायचं?*

१) सिलिंडरची दोन्ही टोकं पुढच्या अॅक्सलकडेच हवीत, एक अॅक्सलच्या ब्रॅकेटला, एक टाय रॉडला. एक टोक चॅसिसला बांधलं तर गाडी खड्ड्यात उसळली की स्टिअरिंग आपोआप ओढलं जातं.

२) टाय रॉडवर वेल्डिंग नको, क्लॅम्प लावा. वेल्डिंगच्या उष्णतेने रॉड तिथेच कमजोर होतो.

३) चाक पूर्ण वळल्यावर अॅक्सलवरच्या स्टॉप बोल्टला थांबलं पाहिजे. सिलिंडर आधी टेकत असेल तर दांडा वाकेल नाहीतर ब्रॅकेट तुटेल.

४) बॉक्सला भोक पाडताना तो उघडूनच पाडा. लोखंडाचा कीस आत राहिला तर पंप गेलाच समजा.

५) बॉक्स ज्या जागी चॅसिसला बसतो तिथे तडे बघा आणि पट्टी देऊन मजबूत करा.

६) पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून चक्र दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवा आणि तेल भरत राहा, हवा निघून जाते. मग चाकं उचललेलीच ठेवून इंजिन चालू करा. पाईप उलटसुलट लागले असतील तर सिलिंडर बॉक्सच्या विरुद्ध ढकलतो, ते तिथेच कळेल.

*ट्रॅक्टरसारखं पूर्ण हायड्रॉलिक नको*

ट्रॅक्टरच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये बहुतेक वेळा चक्र आणि चाक यांच्यात लोखंडी दुवा नसतो, फक्त तेल असतं. शेतात, कमी वेगात ते चालून जातं. जीप मात्र क्रेट भरून बाजाराला जाते, मागे आपलीच पोरंबाळं बसलेली असतात. पाईप फुटला की चक्र नुसतं गरगर फिरेल. जोड प्रकारात ड्रॅग लिंक जागेवर असते. तेल गेलं तर स्टिअरिंग लई जड होईल, पण गाडी वळेल. म्हणून ड्रॅग लिंक काढायला कुणालाही देऊ नका.

*कायदा*

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली हेच बजावलं. टायर, रिम, स्टिअरिंग बदलायचं असेल तर काम सुरू करण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. अपघातानंतर दावा नाकारला गेला तर घराचंच नुकसान.

*रोजची नजर*

तेलाची पातळी आणि पाईप कुठे घासतो का, हे निघण्याआधी बघा. गळती शोधायला पाईपवरून हात फिरवू नका. सुईएवढ्या छिद्रातून दाबाने आलेलं तेल कातडी भेदून आत जातं आणि जखम बाहेरून बारीक दिसली तरी हात गमावायची वेळ येऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा वापरा. तेल आत गेल्याचा नुसता संशय आला तरी तडक दवाखाना गाठा.

गळकी गाडी पाण्यात घालू नका. हे तेल पाण्यावर पसरतं, जाळ्याला लागतं, माशाला वास येतो. धरणाचं पाणी गावं पितात आणि त्याच पाण्यावर आपलं पोट आहे.

पाऊस लागण्याआधी, काठ अजून कोरडा आहे तोवर, एकदा गाडीखाली वाकून टाय रॉड, क्लॅम्प आणि पाईप बघून घ्या. ज्यांच्याकडे मोठ्या टायरची जीप आहे त्यांनाही हे वाचायला द्या.