भाताच्या कोठारातले पूर्वज

फिलिपिन्सच्या लुझोन बेटावर, उत्तरेच्या कोर्दियेरा डोंगरांत राहणारे इफुगाव लोक वाडवडिलांना नुसतं पुजत नाहीत, कामालाही लावतात. त्यांच्या भाताच्या कोठारात लाकडी मूर्तींची जोडी असते, बहुधा एक पुरुष आणि एक स्त्री. हे बुलुल. कोठार राखायचं आणि साठवलेलं भात पुरवठ्याला आणायचं, ही त्यांची जबाबदारी. पूर्वजांचं बळ या मूर्तींत वसतं, अशी श्रद्धा आहे.

काही बुलुल उभे असतात, तर काही उकिडवे बसून गुडघ्यांवर हात टेकलेले. चेहरा अमक्या आजोबांसारखा दिसावा, असा आग्रह नसतो. मोजक्या घावांत नाक, डोळे, कपाळ उमटतं. पण कोरीवकाम संपलं म्हणजे बुलुल झाला, असं नाही. मुंबाकी, म्हणजे तिथला पुरोहित, विधी करतो. मूर्तीला डुकराचं किंवा कोंबडीचं रक्त लावतात, तांदळाची दारू वाहतात. पुढे सुगीलाही बुलुलांना मान मिळतो. आपल्याकडे देवघरात पूर्वजांचे टाक असतात, तशीच ही जोडी घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत येते. रक्त, धूर आणि हातांचा ओशटपणा मुरून लाकूड काळंभोर, तुकतुकीत होतं.

नेमका हाच काळेपणा संग्राहकांना भुलवतो. कित्येक बुलुल विकले गेले, काही चोरीला गेले. जगभरच्या संग्रहालयांत ते आज कलावस्तू म्हणून उभे आहेत. बागियो शहराच्या बाजारात पर्यटकांसाठी नवे बुलुल मिळतात, मुद्दाम जुनाट केलेलेही. चित्रकार बेनेडिक्टो काब्रेरा ऊर्फ बेनकॅब यांच्या कामात बुलुल वारंवार येतो, आणि बागियोजवळ 2009 मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या संग्रहालयातही बुलुलांचा मोठा संग्रह आहे. तिथे कारागिरी नीट न्याहाळता येते. राखणदारी मात्र कोठारातच राहते.

आणि कोठार शेतीवर अवलंबून. इफुगावांची डोंगरउतारावरची भातखाचरं 1995 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. तरुण पिढी शहराकडे वळली, बांध ढासळू लागले, तेव्हा 2001 मध्ये त्यांची नोंद धोक्यातल्या वारशांत झाली. 2012 मध्ये ती काढली गेली. म्हणून बुलुल टिकवायचा तर काचेच्या कपाटाआधी खाचराच्या बांधाची डागडुजी हवी. कोठारात भातच आलं नाही, तर राखणदाराने राखायचं काय?