'ग्रह' शब्द आणि सूर्यमालेचा परिचय

महाविद्यालयात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यास "ग्रह किती?" असे विचारावे, म्हणजे बहुधा "नऊ" असे उत्तर येते. ते नऊ कोणते, असे पुढे विचारले की मात्र दोन निरनिराळ्या याद्या ऐकू येतात. पहिली यादी घरात शिकलेली : रवि, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू व केतू. दुसरी जुन्या पाठ्यपुस्तकांतील : बुधापासून प्लूटोपर्यंत. दोन्ही याद्यांत समान नावे पाचच आहेत. संख्या एक असल्यामुळे हा भेद लक्षात येत नाही, आणि एकाच शब्दाच्या पोटात दोन विश्वरचना नांदत राहतात. सूर्यमालेचा परिचय करून देताना प्रथम ही गाठ सोडविली पाहिजे.

'ग्रह' हा शब्द 'धरणे, पकडणे' या अर्थाच्या संस्कृत धातूपासून आला आहे. ग्रहण, आग्रह, संग्रह, ग्राहक ही त्याचीच भावंडे होत. युरोपीय भाषांतील ग्रहवाचक शब्दाचे मूळ ग्रीकमध्ये असून त्याचा अर्थ 'भटक्या' असा आहे. आपल्या पूर्वजांनी आकाशातील ज्योतींचा मनुष्यावरील परिणाम कल्पून नाव दिले, तर ग्रीकांनी त्यांची चाल पाहून दिले. म्हणूनच नवग्रहांत सूर्य व चंद्र येतात, पृथ्वी येत नाही. कारण जिच्यावर उभे राहून आपण पाहतो, तिची गणना आकाशात कशी व्हावी? राहू व केतू हे तर पिंडच नव्हेत. चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाशी सुमारे ५ अंशांचा कोन करतो. हे दोन मार्ग जेथे एकमेकांस छेदतात, त्या दोन बिंदूंची ही नावे होत. अमावास्या किंवा पौर्णिमा या बिंदूंच्या जवळपास घडली तरच ग्रहण लागते. 'राहूने गिळले' ही कथा आणि 'खग्रास' ही संज्ञा यांच्या मुळाशी इतके नेमके निरीक्षण दडलेले आहे.

दुसरी यादीही स्थिर राहिली नाही. विल्यम हर्शेल यांनी १७८१ मध्ये शोधलेल्या ग्रहाला मराठी पंचांगांनी 'हर्षल' म्हटले. १८४६ मध्ये नेपच्यून व १९३० मध्ये प्लूटो यांची भर पडली. पुढे प्लूटोच्या परिसरात तसेच अनेक पिंड आढळल्यामुळे २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने 'ग्रह' या संज्ञेची व्याख्या केली. जो सूर्याभोवती फिरतो, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोलाकार झाला आहे आणि ज्याने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केला आहे, तो ग्रह. तिसरी अट प्लूटो पुरी करीत नाही. तो 'बटुग्रह' ठरला आणि ग्रह आठ उरले. आकाशात त्या दिवशी काहीच घडले नव्हते; बदलली ती शब्दाची मर्यादा.

परंतु जुने शब्द टाकून द्यावेत, असा याचा अर्थ नव्हे. 'शनैश्चर' म्हणजे हळूहळू चालणारा. शनीला बारा राशींतून फिरून येण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणजे एका राशीस स्थूलमानाने अडीच वर्षे. अशा तीन राशींचा काळ तीच 'साडेसाती'. आमच्या जिल्ह्यात शनिशिंगणापूर असल्याने हा शब्द प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानावरून गेलेला असतो. त्यातले गणित मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते. संगमनेरच्या वायव्येस नाशिक-त्र्यंबकेश्वरी भरणारा सिंहस्थही असाच. गुरू सिंह राशीत आला की तो भरतो व सुमारे बारा वर्षांनी पुन्हा येतो. कारण गुरूचा प्रदक्षिणाकाल ११.८६ वर्षांचा आहे.

येथे केपलरचा नियम जोडून पाहावा. ग्रहाच्या प्रदक्षिणाकालाचा वर्ग हा त्याच्या सूर्यापासूनच्या अंतराच्या घनाशी प्रमाणात असतो. काल वर्षांत आणि अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत मोजले, तर दोन्ही संख्या समान येतात. बाराचा वर्ग १४४. त्याचे घनमूळ सुमारे ५.२. म्हणजे गुरू पृथ्वीच्या सुमारे ५.२ पट दूर आहे. शनीसाठी तीस वर्षे धरली तर ९०० चे घनमूळ सुमारे ९.७ येते, प्रत्यक्ष अंतर सुमारे ९.६ पट आहे. दुर्बीण नसताना, केवळ सिंहस्थ व साडेसाती या दोन शब्दांवरून विद्यार्थ्याने सूर्यमालेची लांबी मोजली, असे म्हणावयास हरकत नाही.

हे अंतर डोळ्यांपुढे आणण्यास एक प्रयोग पुरेसा आहे. प्रवरेच्या काठी १ मीटर व्यासाचा सूर्य मांडावा. पृथ्वी तेथून सुमारे १०७ मीटरवर हरभऱ्याएवढी, तर चंद्र तिच्यापासून वीतभराहून थोडा अधिक दूर मोहरीएवढा होईल. गुरू सुमारे ५६० मीटरवर डाळिंबाएवढा येईल, आणि नेपच्यूनसाठी लिंबू घेऊन सव्वातीन किलोमीटर चालावे लागेल. या प्रमाणात सूर्याखेरीजचा सर्वांत जवळचा तारा जवळजवळ २९,००० किलोमीटरवर पडतो. ग्रह आणि तारा यांतील भेद त्या चालण्याने जसा ठसतो, तसा व्याख्येने ठसत नाही.

लोकभाषेतील इतर संज्ञांचीही अशीच छाननी व्हावी. 'शेंडेनक्षत्र' हे धूमकेतूचे चित्रमय नाव. परंतु ते नक्षत्र नव्हे, बर्फ व धूळ यांचा तो पिंड होय. 'तारा तुटला' असे आपण म्हणतो तेव्हा तारा जागच्या जागीच असतो. वातावरणात जळते ती उल्का. जळून उरलेला जो भाग जमिनीवर पोचतो, तो अशनी. अशाच एका मोठ्या आघाताने बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर झाले.

सारांश, विद्यार्थी वर्गात येतो तो कोऱ्या मनाने नव्हे. त्याची भाषा आधीच आकाशाविषयी पुष्कळ काही बोलत असते. ते बोलणे दुर्लक्षिले तर पाठ केलेली आठ नावे परीक्षेपुरती उरतात आणि साडेसातीचे भय जन्मभर टिकते. त्याच शब्दातील अडीच वर्षे मोजावयास शिकविले, तर भयाच्या जागी गणित येते. भाषेच्या अध्यापकानेही या कामी आपला वाटा उचलणे अगत्याचे आहे.