सामन्यांविना आठ महिने : नेब्रास्काच्या फुटबॉलप्रेमींची आशा आणि चिंता

अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि बहुतेक संघांसाठी तो डिसेंबरमध्येच आटोपतो. त्यानंतर जवळजवळ आठ महिने मैदानावर एकही सामना होत नाही. तथापि, या खेळाच्या चाहत्यांच्या मनातील खळबळ याच काळात सर्वाधिक असते. कोणता खेळाडू राहणार, कोणता जाणार, प्रशिक्षक टिकणार की नाही आणि पुढील हंगामात संघाचे भवितव्य काय, या प्रश्नांभोवती त्यांचे वर्ष फिरते. गेल्या काही वर्षांत नियम, न्यायालयीन निर्णय आणि पैसा या तिहेरी बदलांमुळे या चिंतेचे स्वरूपच पालटले आहे. नेब्रास्का विद्यापीठाचा संघ हे या बदलाचे बोलके उदाहरण आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्याकडे ज्या खेळाला फुटबॉल म्हटले जाते, त्याला अमेरिकेत ‘सॉकर’ असे नाव आहे. तेथील फुटबॉल हा लंबगोल चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रात मुसंडी मारण्याचा खेळ आहे. आक्रमणाची सूत्रे हाती असणाऱ्या खेळाडूस ‘क्वार्टरबॅक’ म्हणतात. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांना मोजकेच प्रेक्षक लाभतात. अमेरिकेत मात्र विद्यापीठाच्या संघाचा सामना पाहण्यासाठी ऐंशी-नव्वद हजार लोक जमणे ही नित्याची बाब आहे. शिक्षणासाठी तेथे जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना पहिल्याच शनिवारी या वेडाचा परिचय घडतो.

राज्याचा एकमेव संघ

नेब्रास्का हे अमेरिकेच्या मध्यभागातील शेतीप्रधान राज्य आहे. २०२० च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या सुमारे १९ लाख ६१ हजार आहे. या राज्यात अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक लीगमधील एकही संघ नाही. त्यामुळे लिंकन या राजधानीच्या शहरातील विद्यापीठाचा संघ हाच संपूर्ण राज्याचा संघ ठरला आहे. संघाचे ‘कॉर्नहस्कर्स’ हे नाव मक्याची कणसे सोलणाऱ्यांवरून आले आहे.

१९२३ मध्ये सुरू झालेल्या मेमोरियल स्टेडियमची आसनक्षमता सुमारे ८५ हजार आहे. सामन्याच्या दिवशी हे क्रीडागार राज्यातील तिसरे मोठे शहर बनते, असे तेथे म्हटले जाते. नोव्हेंबर १९६२ पासून येथील प्रत्येक सामन्याची सर्व तिकिटे विकली गेली आहेत. सलग ४०० पेक्षा अधिक सामने चाललेला हा विक्रम विद्यापीठीय फुटबॉलमध्ये अद्वितीय मानला जातो.

१९६२ मध्ये बॉब डेव्हेनी यांनी प्रशिक्षकपद स्वीकारले. त्यांच्या कारकीर्दीत १९७० आणि १९७१ मध्ये संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळाले. त्यांच्यानंतर टॉम ऑस्बोर्न यांनी १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षे संघ सांभाळला. या काळात संघाने प्रत्येक हंगामात किमान नऊ सामने जिंकले आणि १९९४, १९९५ व १९९७ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. निवृत्तीनंतर ऑस्बोर्न राज्याचे प्रतिनिधी म्हणून अमेरिकी काँग्रेसमध्ये निवडून गेले. फुटबॉलचे तेथील स्थान यावरून ध्यानात यावे.

वैभवानंतरचा उतार

आजच्या चाहत्याची चिंता समजून घेण्यासाठी यापुढचा इतिहास पाहणे आवश्यक आहे. २००३ मध्ये नऊ विजय आणि तीन पराभव अशी कामगिरी असतानाही प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांना पदमुक्त करण्यात आले. संघ सामान्य दर्जाकडे घसरू नये, ही त्यामागील भूमिका होती. परंतु पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, संघाने जिंकलेल्या सामन्यांपेक्षा गमावलेले सामने अधिक भरले. १९६१ नंतर असे प्रथमच घडत होते.

बो पेलिनी यांच्या काळात, म्हणजे २००८ ते २०१४ या सातही हंगामांत, संघाने किमान नऊ विजय मिळवले. तरीही विजेतेपद न मिळाल्याने त्यांनाही जावे लागले. त्यानंतर मात्र नऊ विजय ही दुर्मीळ गोष्ट झाली. १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक स्कॉट फ्रॉस्ट २०१८ मध्ये प्रशिक्षक म्हणून परतला, तेव्हा राज्यभर उत्साहाची लाट उसळली होती. त्याच्या कारकीर्दीत संघाने १६ सामने जिंकले आणि ३१ गमावले. २०२१ च्या हंगामातील नऊही पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने झाले. थोडक्यात हुकलेल्या विजयांची ही मालिका चाहत्यांना मोठ्या पराभवांपेक्षाही अधिक जिव्हारी लागली. सप्टेंबर २०२२ मध्ये फ्रॉस्ट यांना दूर करण्यात आले.

तिसऱ्या वर्षाचे गणित

नोव्हेंबर २०२२ मध्ये मॅट रूल यांची नियुक्ती झाली आणि चाहत्यांना आशेसाठी एक नवे गणित मिळाले. रूल यांनी यापूर्वी टेम्पल विद्यापीठात पहिल्या वर्षी दोन, दुसऱ्या वर्षी सहा आणि तिसऱ्या वर्षी, म्हणजे २०१५ मध्ये, दहा सामने जिंकले होते. बेलर विद्यापीठात हाच क्रम एक, सात आणि अकरा असा राहिला. दोन्ही ठिकाणी तिसरे वर्ष भरभराटीचे ठरले होते.

नेब्रास्कातील पहिल्या वर्षी, २०२३ मध्ये, संघाने पाच सामने जिंकले. २०२४ मध्ये सात विजय मिळाले. हंगामानंतरच्या निमंत्रित ‘बाऊल’ सामन्यांत स्थान मिळण्यासाठी साधारणतः सहा विजय लागतात. २०१६ नंतर प्रथमच नेब्रास्काला असे निमंत्रण आले आणि २८ डिसेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये बॉस्टन कॉलेजचा २०-१५ असा पराभव करून संघाने हंगामाची सांगता केली. साहजिकच २०२५ च्या उन्हाळ्यात ‘तिसरे वर्ष’ हा शब्दप्रयोग चाहत्यांच्या ओठी होता.

प्रत्यक्षात २०२५ मध्येही संघाने सात सामने जिंकले आणि सहा गमावले. १ नोव्हेंबर रोजी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्ध खेळताना क्वार्टरबॅक डिलन रायोला याच्या पायाचे हाड मोडले व त्याचा हंगाम संपला. अखेरच्या टप्प्यात पेन स्टेट, आयोवा आणि यूटा या संघांकडून मोठे पराभव पत्करावे लागले. नियमित हंगाम संपल्यावर रायोलाने विद्यापीठ सोडण्याचा निर्णय जाहीर केला. दुसरीकडे, ऑक्टोबर २०२५ मध्ये रूल यांच्या कराराची मुदत २०३२ पर्यंत वाढवण्यात आली होती. प्रशिक्षक थांबला आणि ज्याच्यावर भिस्त होती तो खेळाडू गेला, अशा संमिश्र अवस्थेत चाहत्यांनी २०२६ मध्ये प्रवेश केला.

नियम कसे बदलले?

पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्या फुटबॉलपटूला सामान्यतः एक वर्ष खेळाबाहेर बसावे लागे. त्यामुळे अठराव्या वर्षी आलेला मुलगा चार-पाच वर्षे तेथेच घडत असे आणि चाहते त्याची वाढ डोळ्यांदेखत पाहत. ऑक्टोबर २०१८ मध्ये विद्यापीठीय क्रीडा क्षेत्राची नियामक संस्था ‘एनसीएए’ने स्थलांतर करू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदणी करणारी संगणकीय व्यवस्था सुरू केली. तिला ‘ट्रान्सफर पोर्टल’ म्हणतात. २०२१ मध्ये खेळाडूला एकदा विनाअट विद्यापीठ बदलण्याची मुभा मिळाली. २०२४ मध्ये शैक्षणिक अटी पूर्ण करणाऱ्यांसाठी ही एकदाची मर्यादाही उठवण्यात आली.

दुसरा बदल मोबदल्याचा आहे. विद्यापीठीय खेळाडू हौशी असल्याने त्याला शिष्यवृत्तीपलीकडे पैसे मिळू नयेत, हे तत्त्व दीर्घकाळ पाळले गेले. प्रशिक्षकांना कोट्यवधी डॉलर आणि दूरचित्रवाणीच्या हक्कांतून अब्जावधी डॉलर मिळत असताना खेळाडू मात्र त्यापासून वंचित होता. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक लाभांवरील एनसीएएचे निर्बंध स्पर्धाविरोधी ठरवणारा निर्णय एकमताने दिला. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव व प्रतिमा वापरून जाहिरातींद्वारे कमाई करण्याची अनुमती मिळाली.

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ‘हाउस’ खटल्यातील तडजोडीस मान्यता दिली. त्यानुसार माजी आणि विद्यमान खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई देण्याचे ठरले. तसेच विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मोकळीक मिळाली. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठामागे ही मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती आणि ती सर्व क्रीडाप्रकारांसाठी मिळून होती.

वसंतातील भीती

या बदलांचा चाहत्यांच्या वार्षिक क्रमावर कसा परिणाम झाला, हे लिंकनमध्ये दिसून आले. वसंत ऋतूतील सरावाच्या अखेरीस संघाचे दोन गट पाडून आपसांत सामना खेळवण्याची जुनी परंपरा आहे. आठ महिन्यांच्या प्रतीक्षेत चाहत्यांना संघाचे दर्शन घडवणारा हा एकमेव सोहळा असतो. एप्रिल २०२४ मध्ये नेब्रास्कात या सराव सामन्यासाठी ६० हजारांहून अधिक प्रेक्षक आले होते.

तथापि, २०२५ मध्ये रूल यांनी पारंपरिक पद्धतीचा हा सामना रद्द केला. दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणात चमकलेल्या आपल्या खेळाडूंना इतर संघांकडून आमिषे दाखवली जातात, हे त्यांनी त्याचे कारण दिले. त्याऐवजी कौशल्यस्पर्धांचा कार्यक्रम योजण्यात आला. आपल्या संघाकडे पाहणेही संघाला धोक्याचे ठरू शकते, ही बाब चाहत्यांना अंतर्मुख करणारी होती.

यानंतर एनसीएएने वसंतातील स्थलांतराची मुदत रद्द केली आणि जानेवारी २०२६ पासून २ ते १६ तारखांचा एकच कालावधी ठरवला. त्यामुळे एप्रिलमधील धास्ती कमी होणार असली, तरी वर्षभराच्या साऱ्या उलथापालथी एका पंधरवड्यात घडू लागल्या. नाताळानंतरचा हा पंधरवडा आता चाहत्यांच्या दृष्टीने हंगामातील एखाद्या मोठ्या सामन्याइतकाच निर्णायक झाला आहे.

वेळापत्रकावरूनही वाद झाला. टेनेसी विद्यापीठाशी २०२६ आणि २०२७ मध्ये ठरलेले दोन सामने नेब्रास्काने २०२५ च्या फेब्रुवारीत रद्द केले. क्रीडागाराच्या नूतनीकरणाचे कारण त्यासाठी देण्यात आले. राष्ट्रीय स्पर्धेत स्थान मिळवण्यासाठी कठीण सामने टाळणे व्यवहार्य आहे, असे काहींना वाटले. मोठ्या प्रतिस्पर्ध्याला टाळणे संघाच्या परंपरेला शोभत नाही, असे इतरांचे मत पडले.

इंडियानाचा धडा

मग आशेला आधार कोणता? तो इंडियाना विद्यापीठाने पुरवला आहे. दीर्घ काळ दुर्बल समजल्या गेलेल्या या संघाने २०२३ मध्ये केवळ तीन सामने जिंकले होते. नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांनी आपल्या आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून अनेक खेळाडू सोबत आणले आणि २०२४ मध्ये संघाने अकरा सामने जिंकले. त्यांत नेब्रास्काचा ५६-७ असा उडवलेला धुव्वाही होता. राष्ट्रीय स्पर्धेतील संघांची संख्या २०२४ पासून चारवरून बारा झाल्याने इंडियानाला त्याच वर्षी तेथे प्रवेश मिळाला. पुढच्या हंगामात, जानेवारी २०२६ मध्ये, या संघाने राष्ट्रीय विजेतेपदही पटकावले.

या घटनेतून नेब्रास्काच्या चाहत्यांना दोन परस्परविरोधी अर्थ काढता येतात. जे स्थलांतर जिवाला घोर लावते, तेच एका वर्षात संघाचे नशीब पालटू शकते, हा पहिला अर्थ आहे. दुसरा अर्थ अधिक बोचरा आहे. पाच विजेतेपदांचा इतिहास, भरलेले क्रीडागार आणि साठ वर्षांची निष्ठा यांच्या बळावर नव्या व्यवस्थेत यश मिळेलच, असे नाही.

चाहत्याचा हक्क कोणता?

स्थलांतर करणाऱ्या खेळाडूला दोष देणे सोपे आहे. परंतु हा खेळ शरीरावर कठोर आघात करणारा आहे आणि बहुसंख्य खेळाडूंना व्यावसायिक फुटबॉलमध्ये कधीच स्थान मिळत नाही. कमाईची वर्षे इतकी थोडी असताना त्याने आपले हित पाहिले, तर त्यात अन्याय्य काही नाही. प्रशिक्षकांना हे स्वातंत्र्य पूर्वीपासून होतेच.

तरीही चाहत्याची हुरहुर निराधार म्हणता येणार नाही. व्यावसायिक संघ आणि विद्यापीठाचा संघ यांत फरक करणारी गोष्ट म्हणजे आपलेपणा. शेजारच्या गावातील मुलगा विद्यापीठात आला, दोन वर्षे राखीव खेळाडू म्हणून थांबला आणि चौथ्या वर्षी नायक झाला, अशा कथांवर अनेक पिढ्यांची निष्ठा पोसली गेली. दरवर्षी निम्मा संघ बदलू लागला, तर चाहत्याने नेमके कोणावर प्रेम करायचे, हा प्रश्न उरतो. याशिवाय खेळाडूंच्या मोबदल्यासाठी देणगी द्या, असे आवाहन आता त्यालाच केले जाते.

लिंकनमधील तिकिटांच्या अखंड विक्रीचा विक्रम २००४ च्या निराशेत, २०२१ च्या नऊ पराभवांत आणि २०२५ च्या निस्तेज अखेरीनंतरही टिकला. ऑगस्टमध्ये सराव शिबिर सुरू झाले की नव्या खेळाडूंची नावे पाठ होतील, वेळापत्रकावर विजयांच्या खुणा केल्या जातील आणि लाल पोशाखातील जनसमुदाय पुन्हा मेमोरियल स्टेडियमची वाट धरील. त्या नव्या नावांपैकी किती जण पुढील जानेवारीनंतरही तेथे असतील, हे मात्र त्यांच्यापैकी कोणालाही सांगता येणार नाही.