बंड्याचा गारेगार फ्लॅट

'तुझा मासा हसतोय!' म्युनिकमधल्या माझ्या फ्लॅटवर येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. अहो, बंड्या मासा नाही, ॲक्सोलॉटल आहे. मूळचा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोचा, बेडकाचा दूरचा भाऊबंद. तुटलेला पाय पुन्हा उगवतो म्हणे पठ्ठ्याचा!

टँक झकास दिसावा म्हणून मी आधी तळाला रंगीत खडी घातली. बंड्याने गांडुळाबरोबर एक खडाच गिळला! आतडं तुंबलं तर जीव जातो. तीन दिवस ऑफिसात माझं लक्ष नव्हतं. चौथ्या दिवशी खडा बाहेर पडला आणि त्याच रात्री मी सगळी खडी उपसली. आता बारीक वाळू. त्याला पापण्या नसतात, म्हणून लाइटही मंद. त्या उजेडात तग धरतात ती अनुबियास आणि जावा फर्न. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं. म्हणून दोऱ्याने लाकडाला बांधलंय. शिवाय बंड्याला उपटताही येत नाही.

खरी परीक्षा जुलैत. पाणी १६ ते १८ अंशांवर ठेवायचं, म्हणून घरातला एकुलता एक पंखा टँकवर. फोनवर आई विचारते, "त्याला पंखा, आणि तुला गं?"