सर्व्हरची वही फुगते तेव्हा



अडसाली लागण झाली की चिटबॉय शेतावर येतो आणि लागणीची तारीख नोंदवतो. त्या तारखेवर आपली तोडणीची पाळी ठरते. ही नोंद संगणकात जाऊ लागली, तशी आणखी एक वही कारखान्यांत आली. ती कोणी कारकून लिहीत नाही, यंत्रच लिहिते. तिला लॉग म्हणतात. ही वही बेसुमार वाढली तर आपल्या नोंदीवर गदा येते, म्हणून हा विषय आम्ही या अंकात घेतला आहे.

आपल्या देशात विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या काळी साध्या टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने नंबर फिरवून जोडणी व्हायची. ऊस कारखानदारीत या कामी वारणानगरचे नाव घ्यावे लागेल. कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प तेथे १९९८ मध्ये हाती घेतला गेला.

लिनक्सच्या सर्व्हरवर फोन जोडण्याचे काम पीपीपीडी नावाचा प्रोग्रॅम करतो. नंबर फिरवला, पलीकडून उत्तर आले, जोडणी तुटली, सगळे तो वहीत उतरवतो. 'डीबग' ही सूचना चालू राहिली तर बारीकसारीक बोलणेही लिहितो. आता मावळातला पावसाळा डोळ्यांपुढे आणा. लोणावळ्यात धो धो कोसळतोय, तांब्याच्या तारेच्या सांध्यात पाणी शिरलंय, फोनवर नुसती खरखर. जोडणी लागते आणि तुटते. 'पर्सिस्ट' ही सूचना असेल तर पीपीपीडी हार मानत नाही. एरवी तो ३० सेकंद थांबून पुन्हा फोन लावतो. ओळीने १० वेळा अपयश आले तर थांबतो खरा, पण मध्ये एकदा जरी जोडणी लागली तरी मोजणी पुन्हा शून्यावर येते. दर पाच मिनिटांनी एक फोन धरला, तरी दिवसाचे २८८ फोन झाले! लागलेल्या प्रत्येक फोनचे बिल वेगळे. इकडे वही भरून डिस्कवर जागा उरली नाही, तर लागणीची नोंद लिहायची कुठे?

अशा वेळी काय करावे?

१. 'डीएफ' आज्ञेने डिस्कवर किती जागा उरली ते बघावे. 'डीयू'ने कोणती फाइल फुगली ते कळते.

२. वही पुसण्याआधी वाचावी. नोंदींच्या वेळांमधले अंतर बघा. ठराविक अंतराने फोन लागत असेल, तर एखादा संगणक टपाल पाहण्यासाठी किंवा पत्ता विचारण्यासाठी लाइन उठवतोय. अंतर वेडेवाकडे असेल आणि पावसाच्या दिवशी वाढत असेल, तर दोष तारेत आहे.

३. दोष तारेत असेल तर तार दुरुस्त करून घ्यावी. तोवर 'होल्डऑफ' वाढवून दोन फोनांमधला वेळ लांबवावा. संगणक विनाकारण फोन लावत असेल तर त्याला आवरावे.

४. मग 'डीबग' बंद करावे. 'लॉगरोटेट' लावले की जुनी वही बाजूला पडून नवी सुरू होते आणि ठरलेल्या मुदतीनंतर जुनी आपोआप काढली जाते.

५. चालू वही नुसती डिलीट करू नये. लिहिणारा प्रोग्रॅम ती हातात धरून बसलेला असतो. नाव गेलं तरी जागा सुटत नाही, प्रोग्रॅम पुन्हा सुरू करावा लागतो.

वहीचे तोंडच बंद केले, तर फोनचे बिल वाढतच राहते, फक्त आपल्याला ते दिसत नाही.

वाहतूक नीट पाहिली तर मोठा खर्चही वाचतो. वारणेत पुढे सात गावांत आठ महिने प्रयोग झाला. संगणकावरची तीच कामे मोबाइलच्या संदेशांवर करून पाहिली. ती सगळी झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही तीच पद्धत जास्त आवडली.

आज डायल-अपचे दिवस सरले. पण सर्व्हर जिथे आहे तिथे त्याची वही आहेच, आणि ती आजही भरते. म्हणून सभासदांनी आपली लागण नोंदीची पावती जपून ठेवावी आणि पावसाळा संपायच्या आत आपल्या गट कार्यालयात जाऊन संगणकातली तारीख पावतीशी ताडून पाहावी. तफावत दिसली तर तोडणीची वाट न बघता लगेच शेतकी खात्याला कळवावे.