हापशाची तक्रार वहीत उतरवा

हापसा बंद पडला की आपण काय करतो? सरपंचांना वाटेत गाठून सांगतो. ते "बघतो" म्हणतात, आणि आपण घागर घेऊन लांबच्या विहिरीची वाट धरतो. आठ दिवसांनी विचारावं, तर कुणी कधी काय सांगितलं हे कुणालाच आठवत नाही.

आपला इंडिया मार्क-2 हापसा शेजारच्या सोलापूरच्या हापशावरून, 1970 च्या दशकात युनिसेफच्या मदतीने तयार झाला. यंत्र दणकट आहे, पण देखभाल लागतेच. म्हणून गटाने दुरुस्तीची एक वही ठेवावी.

पहिलं काम नोंदीचं. तारीख, वस्ती आणि नेमकं काय होतंय ते लिहा. "बंद आहे" एवढं पुरत नाही. दांडा एकदम हलका लागतो आणि पाणीच नाही? आतला रॉड तुटला असेल. बराच वेळ हापसल्यावर पाणी येतं? खालचा वॉल्व्ह गळत असेल किंवा पाइपला भोक असेल. धार बारीक झाली? वॉशर झिजले असतील. हे आधी कळलं तर मिस्त्री नेमकं सामान घेऊन येतो, त्याची फेरी वाया जात नाही.

दुसरं काम अर्जाचं. ग्रामपंचायतीत दोन प्रती न्या, एकीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. मोठं काम असेल तर तक्रार पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकाकडे गेली का, कोणत्या तारखेला गेली, तेही वहीत लिहा.

मिस्त्री आल्यावर कोणता भाग बदलला ते समोर उभं राहून पाहा आणि लिहा. जुना भाग मागून बघा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सही शेवटी करायची. हापसा चांगला असताना किती हापशांत घागर भरते ते आधीच मोजून ठेवा. दुरुस्तीनंतर तेवढ्यातच भरली, तरच "काम पूर्ण" लिहा. तासाभराने पुन्हा हापसून बघा. पाणी लगेच आलं नाही, तर तक्रार बंद करू नका.

वर्षअखेर वही चाळा. एकाच हापशाचे वॉशर वारंवार झिजत असतील, तर बोअरमधून वाळू येत असेल. मग नुसते वॉशर बदलून भागणार नाही. ग्रामसभेत ही वही उघडून दाखवा. तारखेनिशी लिहिलेली गोष्ट "बघतो" म्हणून टाळता येत नाही.